सायकल पडते कशी, सावरते कशी

सायकलवरून पडण्याची सुरुवात हँडलवर होते. नवशिक्याला वाटतं, आपलं अंग कललं, आपल्याला तोलच नाही. शेजारून बघणाऱ्याला वेगळं दिसतं. सायकल डावीकडे बोटभर कलते, माणूस दचकून हँडल उजवीकडे ओढतो आणि सायकल डावीकडे दुप्पट जोराने कोसळते. पुढच्या खेपेला तो हँडल ओढत नाही, नुसतं आवळून धरतो. तरीही ती पडतेच, जरा सावकाश. दोन्ही वेळा चूक एकच झालेली असते: सायकल ज्या बाजूला चालली होती त्या बाजूला हँडल वळलं नाही.

आम्ही मोठ्या माणसांना सायकल शिकवतो. येणाऱ्यांत पस्तिशी ते साठीच्या बायका जास्त. घरात एकच सायकल होती आणि ती भावाच्या वाट्याला आली, हे कारण फार वेळा कानावर येतं. शिकायला किती दिवस लागतील हे वयावर ठरत नाही, धाडसावर तर नाहीच. हँडल सैल धरायला किती दिवस लागतात, त्यावर ते ठरतं.

तळहातावर काठी उभी धरून बघा. काठी उजवीकडे कलली की तळहात उजवीकडे, तिच्या बुडाखाली न्यावा लागतो. सायकलचंही तसंच. तिचं बूड म्हणजे दोन चाकं जिथे जमिनीला टेकतात त्या दोन ठिकाणांमधली रेघ. ही रेघ बाजूला सरकवायचं साधन हँडल, आणि हँडल वळवल्यावर रेघ सरकायची तर सायकल पुढे जात असली पाहिजे. म्हणून उभ्या सायकलवर तोल साधणं कसरतपटूचं काम आहे आणि चालत्या सायकलवर कोणाचंही. माणूस चालतो त्या वेगाला, म्हणजे तासाला ४-५ किलोमीटरला, हँडल बरंच इकडेतिकडे फिरवावं लागतं. ८-१० किलोमीटरला तेच काम मनगटाच्या जराशा हालचालीत होतं. नवशिक्या घाबरून सावकाश जातो, म्हणजे सगळ्यात अवघड वेगाने जातो.

फिरतं चाक भोवऱ्यासारखं ताठ राहतं म्हणून सायकल पडत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारं दुसरं चाक बसवून हा भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ पुसून टाकला, तरी ती सायकल चालवता आली. त्यांचा लेख १९७० मध्ये आला. २०११ मध्ये नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आणि अमेरिकेतलं कॉर्नेल या विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक छोटी सायकल बनवली. तिच्यात भोवऱ्याचा परिणामही नव्हता आणि ट्रॉलीच्या चाकासारखं पुढचं चाक मागे फरफटत येण्याचा गुणही नव्हता. ढकलून दिल्यावर तीही स्वतःहून सावरायची, कारण कलताना तिचं पुढचं चाक त्याच बाजूला वळायचं. साध्या सायकलचं गणित मांडलं तर तासाला साधारण १५ ते २२ किलोमीटर या टप्प्यात ती स्वारासकट आपली आपण सावरते. शिकणारा त्या वेगाच्या जवळपासही नसतो. त्याच्या वेगाला सायकल स्वतःला सावरत नाही, ते काम हातांनी करावं लागतं. आणि हात ते करायला लवकर शिकतात, फक्त त्यांना अडवायचं नाही.

अडवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि त्यातली पहिली सायकलमध्येच दडलेली असते. शिकायला म्हणून घरातली अडगळीत पडलेली सायकल बाहेर निघते. तिचं पुढचं चाक वीतभर उचला आणि सायकल जराशी डावीकडे कलती धरा. हँडल आपोआप डावीकडे पडलं पाहिजे. उजवीकडे कलती केली की उजवीकडे. ते जागचं हललं नाही, किंवा सरळ रेषेत आल्यावर खटकन अडकलं, तर हँडल ज्यांत फिरतं त्या बेअरिंगच्या वाट्यांमध्ये छर्ऱ्यांनी खड्डे पाडलेत किंवा आत गंज चढलाय. अशा सायकलवर शिकणारा माणूस आठवडाभर पडत राहतो आणि दोष स्वतःला देतो. दुकानात वाट्या खोलून, रॉकेलने धुऊन, नवे छर्रे आणि ग्रीस घातलं की तीच सायकल निराळी वाटते. वाट्या फार आवळल्या असतील तरी हेच होतं. उलट फार सैल असतील तर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवल्यावर हाताला टकटक जाणवते.

ऑनलाइन मागवलेली सायकल घरी जोडताना पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, उलटा बसण्याची चूक नेहमीची आहे. चिमट्याचा बाक पुढे असायला हवा. तो मागे गेला की वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, आणि चाक तिथेच अडून माणूस पडतो. ब्रेक चिमट्याच्या पुढच्या अंगाला यायचा तो मागे, आत गेलेला दिसला तर समजावं.

हवा टायरच्या बाजूवर छापलेली असते तेवढी. २६ इंची, पावणेदोन इंच रुंद टायरला ३५-४० पीएसआय पुरे. हवा कमी असली की हँडल जड होतं आणि वळवल्यावर सायकल उशिरा ऐकते. पाच फूट दोन इंचांपेक्षा कमी उंचीच्या माणसाला २४ इंची चाक सोयीचं. आडवी दांडी नसलेली, पाय सहज पलीकडे जाईल अशी सायकल असावी, कारण पहिल्या दिवशी पन्नास वेळा चढायचं आणि उतरायचं असतं.

सीट खाली. दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकून गुडघे किंचित वाकतील इतकी. नंतर वर घेताना सीटच्या नळीवर आडवी खूण असते, ती सांगाड्याच्या नळीबाहेर दिसता कामा नये. त्यापलीकडे नळी उपसली तर वाकते किंवा मोडते.

आणि पायडलं काढून टाका. इतकं साधं काम लोक टाळतात, पण शिकण्याचा अर्धा वेळ यात वाचतो. १५ चा पाना लागतो, चपटा असला तर बरा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. डावं-उजवं लक्षात ठेवण्यापेक्षा हे ध्यानात ठेवावं: पाना वर उभा लावा, सोडवताना दोन्हीकडे मागच्या चाकाकडे फिरवा, बसवताना दोन्हीकडे पुढच्या चाकाकडे. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरवा. वाकडं शिरलेलं पायडल पान्याने रेटलं की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे जातात आणि क्रँकच बदलावा लागतो. पायडलं काढायची नसतील तरी पाय जरा फाकवून शिकता येतं, नडग्या मात्र सोलून निघतात.

कार्ल ड्राइस यांनी १८१७ मध्ये मानहाइममध्ये चालवलेल्या पहिल्या दुचाकीला पायडलं नव्हतीच. पायांनी जमीन ढकलत जायचं. दोन चाकांवर तोल साधतो हे माणसाला पायडल येण्याआधी कळलं होतं, आणि शिकण्याचा क्रमही तोच ठेवला की सोपं जातं.

जागा शाळेचं मैदान किंवा मोकळं पटांगण, कडक माती. गवत आणि वाळू चाक ओढून धरतात, वेग मिळत नाही. काँक्रीटवर वेग मिळतो, पण पडलं की सोलपटतं. थोडा उतार मिळाला तर सोन्याहून पिवळं: तीस मीटरमध्ये माणसाच्या गुडघ्याइतका, फार तर मांडीइतका उतार, आणि खाली तेवढंच सपाट. तासभर ताणू नये. अर्ध्या तासात खांदे आखडतात आणि त्यानंतर माणूस शिकत नाही, नुसता दमतो.

बूट घालावेत. चपला पायडलवरून सटकतात. ओढणी कमरेला बांधून टाकायची. सुटी राहिली तर ती मागच्या चाकाच्या तारांमध्ये जाते आणि गळ्याला फास बसतो. सलवारीचा किंवा पँटचा उजवा पाय रबरबँडने आवळायचा, चेन त्या बाजूला असते.

पहिलं काम बसायचं नाही, चालवत न्यायची. सायकलच्या डाव्या बाजूला उभं राहून, दोन्ही हातांनी हँडल धरून मैदानाला दोन फेऱ्या. चालता चालता दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तरी खात्री करून घ्यायची. पुढचा एकटा दाबला की मागचं चाक कसं उचलायला लागतं ते असं शेजारून चालतानाच दाखवता येतं, आणि हाताला एकदा ते कळलं की विसरत नाही.

मग सीटवर बसून चालणं. दोन्ही पायांनी साधी पावलं. इथे शरीर ताठ झालेलं दिसतं: कोपरं सरळ, बोटांची पेरं पांढरी, नजर पुढच्या चाकावर. कोपरं वाकवा, असं शंभरदा सांगून उपयोग होत नाही. त्यापेक्षा म्हणावं, "ताई, बोटांनी पियानो वाजवा." हँडलवर बोटं सुटी सुटी हलवत चालायला लावलं की मूठ आपोआप सैल होते. नजरेसाठी पंधरा-वीस मीटरवरचं एखादं झाड नाहीतर गोलपोस्ट ठरवून द्यायचं. चाकाकडे बघणाऱ्याला कल उशिरा कळतो, दूर बघणाऱ्याला क्षितिज हललं की लगेच कळतो.

चालण्यातून ढकलणं येतं. दोन्ही पाय एकदम मागे रेटायचे, बेडकासारखे, आणि उचलायचे. सुरुवातीला पाय एक अंक मोजेपर्यंतही वर राहत नाहीत. मग दोन, तीन. वेग पुरेसा आहे का, हे बघायला चाकाचा व्हॉल्व्ह उपयोगी पडतो: २६ इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर आणि वर थोडा, म्हणजे व्हॉल्व्ह सेकंदाला एक फेरी मारत असेल तर वेग तासाला साडेसात किलोमीटरच्या आसपास. शेजारून चालणाऱ्याने ते मोजावं, बसलेल्याने नाही. इतका वेग आला की पाय वर ठेवणं एकदम सोपं होतं आणि शिकणाऱ्याला कारणच कळत नाही, काल जमत नव्हतं ते आज कसं जमलं.

सकाळी मैदानावर पाणी मारलेलं असेल किंवा रात्री पाऊस पडून गेला असेल तर एक गोष्ट आवर्जून करावी. सायकल उभी करून मागे जायचं आणि चाकांच्या खुणा वाचायच्या. मातीत दोन रेघा उमटतात. मागच्या चाकाची जवळजवळ सरळ, आणि तिला इकडून तिकडे छेदत जाणारी पुढच्या चाकाची, नागमोडी. सुरुवातीला दोन्ही बाजूंना बुटांचे ठसे. मग ठसे विरळ होतात, मग चार-पाच मीटर ठसा नाही, नुसत्या दोन रेघा. त्या पट्ट्यात नागमोडी बारीक असते, बोटा-दोन बोटांची. पुढे ती रुंद होत जाते, शेवटच्या वळशाला वीतभर होते आणि तिथे पाय टेकल्याचा खोल ठसा. वेग उतरत गेला तसं हँडल जास्त फिरवावं लागलं, हे तिथे मातीवर लिहिलेलं असतं. सरळ जाणारी सायकल मुळात सरळ जातच नाही, ती सतत पडत असते आणि सतत सावरत असते, हे सांगून पटत नाही, पण ही रेघ दाखवली की चेहऱ्यावरची धास्ती उतरते. आपलं हँडल डगमगतंय याची लाज वाटत होती, ते तर काम करत होतं, हे शिकणाऱ्या बाईला दिसतं.

उतारावर दहा सेकंद पाय वर राहिले की पुढे वळायला सांगायचं, मोठ्या गोलात, दोन्ही बाजूंनी. बहुतेकांची एक बाजू चांगली आणि एक कच्ची असते. कच्च्या बाजूला दुप्पट फेऱ्या. उतरतानाच ब्रेक लावून ठरलेल्या रेघेवर थांबायचा सराव करून घ्यायचा, दोन्ही ब्रेक सारखे, हळूहळू दाबत. हे येईपर्यंत पायडलं बसवायची नाहीत. घाई इथेच होते.

मागून धरण्याबद्दल दोन शब्द. आपल्याकडे कॅरियर धरून पळायची पद्धत आहे, आणि प्रेमाने पळणाऱ्या वडिलांबद्दल, भावांबद्दल आम्हाला आदर आहे. पण कॅरियर धरला की सायकलला कलूच दिलं जात नाही. मग बसलेल्याच्या हातांना कल म्हणजे काय ते कळत नाही, तोल पळणाराच साधत असतो. हात सुटला की दोन मीटरमध्ये पडणं ठरलेलं. आधार द्यायचाच तर माणसाला द्या, सायकलला नको: काखेखाली हात, किंवा पाठीवर दोन खवाट्यांच्या मध्ये तळवा. सायकल खाली मोकळी हलत राहते. "सोडू नका हं!" म्हणून ओरडणाऱ्या काकूंच्या पाठीवर नुसता तळवा टेकलेला असतो, तोल त्याच साधत असतात.

लहान मुलांच्या सायकलीला बाजूला लावतात ती दोन छोटी चाकं तर उलटंच शिकवतात. त्यांनी सायकल तीनचाकीसारखी होते. तीनचाकीत वळताना अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि मूल तसंच कलायला शिकतं. चाकं काढल्यावर ते सगळं विसरावं लागतं. त्यापेक्षा त्याच सायकलीची पायडलं काढून सीट खाली करा. या उलट, जुन्या काळ्या जेंट्स सायकलीच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत पोरं शिकायची, त्यात चांगली गोष्ट होती. सायकल एका बाजूला तिरकी, अंग दुसऱ्या बाजूला, जमीन पायाजवळ आणि हँडल पूर्ण मोकळं. तोल हँडलने कसा राखायचा ते त्या पोरांना सीटवर बसण्याआधीच आलेलं असायचं.

पायडलं बसवली की नवी अडचण निघण्याची. उजवीकडून पाहिलं तर उजवं पायडल घड्याळातल्या दोनवर ठेवायचं, डावा पाय जमिनीवर. उजव्या पायाने भार देताना ब्रेक सोडायचे, आणि तो पहिला दाब जोरात हवा. भित्रा दाब दिला तर सायकल हातभर सरकते आणि थांबते, म्हणजे पुन्हा तोच पडण्याचा वेग. भार देताना सायकल जराशी उजवीकडे झुकते. हँडल मोकळं असेल तर ते आपणहून सावरतं. मग डावा पाय पायडल शोधायला लागतो आणि मान खाली जाते. मान खाली गेली की हँडल वळतं. पायाला शोधू द्यायचं नाही. तो नुसता लोंबकळत ठेवायचा, सायकल उतारावर काही मीटर तशीच जाते, आणि क्रँक फिरून पायडल वर येतं तेव्हा तळव्याला लागतंच. पायडलवर टाच किंवा पायाचा मधला भाग नको, चवडा हवा.

या टप्प्यावरची बहुतेक पडझड थांबताना होते. वेग संपला, पाय अजून पायडलवर, सीटवर ठाण मांडून बसलेलं, आणि सायकल बाजूला कलंडते. क्रम असा: पायडल थांबवा, दोन्ही ब्रेक, वेग चालण्याइतका आला की उजवं पायडल खाली घेऊन त्यावर उभं राहत सीट सोडा, सायकल किंचित डावीकडे झुकू द्या, डावा पाय टेकवा. वीस वेळा नुसतं हेच. थांबता येतं म्हटल्यावर माणूस वेग घ्यायला घाबरत नाही, आणि वेग घेतला की तोलाची तक्रार उरत नाही.

आता पडण्याबद्दल. हळू वेगातलं पडणं बाजूला होतं आणि माणूस सवयीने तळहात पुढे करतो. सगळ्या अंगाचा भार ताठ मनगटावर येतो. हँडल सोडू नये, कोपर अंगाशी घ्यावं, हनुवटी छातीकडे, आणि दंड-खांदा-पाठ असं लोळावं. मऊ मातीवर सायकलशिवाय गुडघ्यावर बसून हे चार-पाचदा करून घेतलं तर ऐनवेळी थोडंतरी आठवतं. तरीही हात पुढे गेलाच आणि मनगट दुखत असेल तर अंगठा वर ताणून बघा: अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन शिरांमध्ये खळगा पडतो. तिथे दाबल्यावर कळ आली तर स्कॅफॉइड नावाच्या लहानशा हाडाला तडा गेलेला असू शकतो. तो पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. डॉक्टर हात बांधून ठेवून १०-१४ दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. लचक समजून तेल चोळत बसलं तर ते हाड जुळत नाही आणि मनगट कायमचं दुखतं.

खरचटलेलं वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच-दहा मिनिटं धुवा, खडे आणि माती ओल्या स्वच्छ गॉजने काढा. राहिलेली माती कातडीखाली काळी पडून कायम दिसते. हळद, कॉफी, टूथपेस्ट यातलं काही भरू नका, त्यांचा थर जमतो आणि डॉक्टरांना तो खरवडावा लागतो. जखम मातीने मळलेली असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं होऊन गेली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. डोकं आपटल्यावर उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात असंबद्धता दिसली तर थेट हॉस्पिटल.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली एकत्र येणारे, हनुवटीखाली एक बोट जाईल इतके आवळलेले. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट समोरच्या आपटण्याला कामाला येत नाही. एकदा आपटलेलं हेल्मेट टाकून द्या. आतला फोम एकदाच चेपतो.

पडल्यावर सायकलही तपासायची. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल त्याच्याशी काटकोनात आहे का बघा. ते फिरलं असेल तर माणूस सरळ धरतो आणि सायकल तिरकी जाते. चाक उचलून फिरवा, रिम ब्रेकच्या रबराला घासते का, चेन उतरलीय का, ब्रेकची मूठ मागे वळलीय का. दोन मिनिटांचं काम.

रस्त्यावरची पडझड पाहिली तर तिथेही बहुतेकदा तेच कारण निघतं: पुढचं चाक वळायला मोकळं राहिलं नाही. जुन्या डांबरावर नवा थर टाकलेला असतो, कडेला दोन-तीन बोटं उंचीची पायरी. तिच्याशी जवळजवळ समांतर जात वर चढायला गेलं की चाक कडेला घासत राहतं, सायकल कलते, आणि ज्या बाजूला वळायला हवं तिथे पायरी आडवी. जास्तीत जास्त काटकोनात चढावं, नाहीतर थांबून उचलून घ्यावी. गटाराच्या जाळीच्या सळ्या आणि रेल्वे फाटकातले रूळ तसेच, आडवे ओलांडायचे. वळणावरची बारीक खडी आणि कोकण-गोव्याकडची जांभ्याची गोल भुकटी चाकाखालून छर्ऱ्यांसारखी सरकते. तिथे ब्रेक वळणाआधी उरकून घ्यायचा, वळताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. पावसाळ्यात झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि गल्लीतल्या सिमेंटवरचं शेवाळ. त्यावरून सरळ जावं, कलून नाही.

मैदानावर सीट रोज थोडी वर घेत जावी. शेवटची उंची अशी: बसून टाच सर्वात खालच्या पायडलवर ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात जरा बाक राहतो. खाली ठेवलेल्या सीटवर महिनोन्‌महिने चालवणाऱ्यांचे गुडघे समोरून दुखायला लागतात आणि सायकल बंद होते. उंच सीटने तोल बिघडत नाही. तळहातावर पेन्सिलपेक्षा लांब काठी उभी ठेवणं सोपं, तसंच हे. अडचण फक्त पाय टेकण्याची, आणि थांबताना सीट सोडायची सवय लागलेली असली की तीही नाही.

रस्त्यावर जाण्याआधी एकच गोष्ट घोटून घ्यायची, उजव्या खांद्यावरून मागे बघणं. आपण डावीकडून चालतो, गाड्या उजवीकडून येतात. मान वळली की उजवा हात नकळत ओढला जातो आणि सायकल रस्त्याच्या मध्याकडे जाते, नेमकी गाडीच्या वाटेत. मैदानावर चुन्याची रेघ मारा, तिच्यावरून जा, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाने वर केलेली बोटं किती ते ओरडून सांगा. पहिल्या दिवशी चाक रेघेपासून दोन-तीन फूट सुटतं. उजवा हात हँडलवरून जरा सैल करून, हनुवटी खांद्याला टेकवून, खांदे न फिरवता बघायचं. चाक रेघेच्या वीतभर अलीकडे-पलीकडे राहू लागलं की उजवा हात आडवा करून दाखवायला शिकायचं, डाव्या हाताची मूठ तितकीच सैल ठेवून. मग सकाळी सहाला, रिकाम्या रस्त्यावर, डावीकडच्या वळणांनी परत येता येईल अशी एक फेरी.